काका निगेटिव्ह काढतात

गाडी सुरू होत नाही? निगेटिव्ह काढा. सुरू होते पण सिग्नलला बंद पडते? निगेटिव्ह काढा. अ‍ॅव्हरेज पडलंय, पिकअप गेलाय, एसी लावला की थरथरते, पिवळी लाइट लागलीय, लाइट लागत नाही म्हणून संशय येतोय, सगळ्यावर उतारा एकच. बॅटरीचं निगेटिव्ह टर्मिनल काढायचं, वीस मिनिटं थांबायचं, परत लावायचं. आमच्या सोसायटीतले काका हा उपाय इतक्या ठामपणे सांगतात की एकदा लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये अडकली, तेव्हा आतला माणूस "वाचवा" म्हणायच्या आधी "काकांना सांगू नका" असं ओरडला.

असे काका प्रत्येक पार्किंगमध्ये एक असतात. पुण्यात दर विंगेला एक असतात. ओळखायची खूण म्हणजे शर्टाचा खिसा. त्यात चष्म्याचं घर, पेन आणि दहाचा पाना. पान्यावरचं क्रोम कधीच उडालेलं असतं आणि तो मागितला तरी मिळत नाही; पान्याबरोबर काकाच येतात. त्यांना बोलवावंही लागत नाही. सेल्फ दोनदा मारला की काका गॅलरीत, तिसऱ्यांदा मारला की जिन्यात, आणि चौथ्यांदा मारेपर्यंत त्यांचा हात बॉनेटवर. "काय झालं?" असं ते विचारतात, पण तो नमस्कारासारखाच प्रश्न. उत्तर ऐकायला ते थांबत नाहीत, कारण उत्तर काहीही असलं तरी नट तोच असतो.

आमचे काका वीज मंडळातून निवृत्त झालेले. फ्यूज काढून परत बसवला की निम्म्या तक्रारी मिटतात हा त्यांचा नोकरीतला अनुभव, आणि उरलेल्या निम्म्या "वरून गेलीय" एवढ्या दोन शब्दांत मिटतात, हाही.

काम मात्र नेटकं. आधी अंगठी काढतात, मग घड्याळ, आणि दोन्ही गाडीच्या मालकाच्या हातात देतात, म्हणजे मालकाला मध्येच मोबाइल काढून मेकॅनिकला फोन करता येत नाही. मग निगेटिव्ह आधी का, यावर एक छोटं व्याख्यान होतं. गाडीचा सगळा पत्रा निगेटिव्हला जोडलेला असतो. पॉझिटिव्हच्या नटावर पाना आणि पान्याचं दुसरं टोक चुकून पत्र्याला लागलं, की अख्खी बॅटरी त्या पान्यातून वाहते. ठिणग्या उडतात, पाना लाल होतो, बोटात अंगठी असली तर तीही. शिवाय चार्ज होताना बॅटरीतून हायड्रोजन निघतो, त्याला ठिणगी दाखवणं शहाणपणाचं नाही. निगेटिव्ह आधी सुटलं की मग पत्र्याला काय हवं ते लागू दे. लावताना उलटं: पॉझिटिव्ह आधी, निगेटिव्ह शेवटी. हे व्याख्यान मी इतक्यांदा ऐकलंय की पाठ आहे, आणि त्यात आजवर एकही चूक सापडलेली नाही. काकांच्या ज्ञानाचा हा भाग बावनकशी आहे. भानगड यानंतर सुरू होते.

सुटलेली केबल आपोआप परत टर्मिनलवर जाऊन टेकू नये म्हणून काका तिला जुना पायमोजा घालतात. मोजा खाकी, नोकरीतला. मग वॉचमनला आत बसवून ब्रेक दाबायला लावतात, हेडलाइटचं बटण चालू करायला सांगतात. सर्किटमध्ये उरलंसुरलं काही असेल तर ते निघून जावं म्हणून. आणि मग वीस मिनिटांची प्रतीक्षा. वीसच का, याला शास्त्रापेक्षा परंपरेचा आधार जास्त. पलीकडच्या सोसायटीतले काका पाच मिनिटंच थांबतात, त्यांना आमचे काका उथळ समजतात. कोथरूडला त्यांचा एक मित्र रात्रभर काढून ठेवतो. त्याच्याविषयी बोलताना काकांचा आवाज आदरानं खाली येतो. वीस मिनिटांत एक चहा होतो आणि दुसऱ्याची विचारणा होते, हे त्यातलं मध्यम मार्गाचं गणित.

चहाबरोबर फियाट येते. फियाट म्हणजे प्रीमियर पद्मिनी, कुर्ल्याच्या कारखान्यात तयार झालेली, जिला आपल्याकडे कुणी कधी पद्मिनी म्हटलं नाही. तिचा कार्बोरेटर काका घरी, वर्तमानपत्रावर उघडत. जेट फुंकून साफ करत, मिक्श्चरचा स्क्रू पाव आटा इकडे पाव आटा तिकडे करत, आणि कान देऊन बसत. प्लग काढून बघायचा: टोक चहाच्या रंगाचं असेल तर गाडी सुखात आहे, काळं असेल तर पेट्रोल जास्त पितेय, पांढरट असेल तर उपाशी आहे. हे निदान आजही बिनचूक आहे. त्या काळी गाडीत शिकणारा एकच होता, तो म्हणजे ड्रायव्हर. थंडीत चोक किती ओढायचा, चढावर किती आधी गिअर टाकायचा, हे तो शिकायचा आणि गाडी विकली की नव्या मालकाला पहिल्यापासून शिकावं लागायचं.

काका वीज मंडळात चिकटले ते १९७६ साली. त्याच साली तिकडे परदेशात बॉशचा लॅम्डा सेन्सर व्होल्वोच्या गाडीत पहिल्यांदा बसला. धुराच्या नळीत डोकावून जळल्यानंतर ऑक्सिजन किती उरला ते सांगणारा हा नग. काका जे काम प्लगचा रंग बघून महिन्यातून एकदा करत, ते हा सेकंदात अनेकदा करू लागला. आपल्याकडे तो यायला वेळ लागला. १९९८ ला सँट्रो इंजेक्शनवालं इंजिन घेऊन आली, २००० च्या आसपास धुराचे नियम कडक झाले, कार्बोरेटर एकेक करून निघाले आणि "एमपीएफआय" ही अक्षरं गाड्यांच्या पाठीवर आली. काकांनी नवी गाडी घेतली, बॉनेट उघडलं आणि आत बघत उभे राहिले. कार्बोरेटर नाही. मिक्श्चरचा स्क्रू नाही. चोकची तार नाही. वर एक काळं प्लास्टिकचं झाकण, त्यावर कंपनीचं नाव. त्या संपूर्ण बॉनेटखाली स्वतःच्या पान्यानं, कुणालाही न विचारता उघडता येईल असा एकच नट उरला होता. तो बॅटरीचा. काकांनी तो धरून ठेवला. म्हणजे, सोडत राहिले.

त्यांचा सिद्धांत असा: कॉम्प्युटर शिकतो, शिकता शिकता त्याच्या डोक्यात भलतंसलतं भरतं, वीज तोडली की ते पुसलं जातं आणि गाडी शोरूममधून आल्यासारखी होते. आता यात खोटं काय, असं कुणी विचारलं तर चटकन सांगता येत नाही. कॉम्प्युटर शिकतो हे खरं. वीज तोडल्यावर पुष्कळ गाड्या ते विसरतात हेही खरं. आणि पंचाईत अशी की काकांचा उपाय बऱ्याचदा लागूही पडतो.

का पडतो, ते मी जवळून पाहिलंय. आमच्या मजल्यावरच्या एकांची गाडी सकाळी सकाळी सेल्फ ओढत नव्हती. काकांनी निगेटिव्ह काढलं. टर्मिनलवर हिरवट-पांढरा फुलोरा इतका आला होता की नट शोधावा लागला. काकांनी वरून गरम पाणी मागवलं, ओतलं, जुन्या टूथब्रशनं घासलं, शिसं चकाकेपर्यंत पॉलिश पेपर मारला, व्हॅसलीन लावलं आणि टर्मिनल घट्ट आवळलं. गाडी पहिल्या सेल्फला सुरू. "मेमरी क्लिअर झाली," काका म्हणाले. टूथब्रश वॉचमनच्या हातात होता, त्याचं श्रेय कुणी घेतलं नाही. काँटॅक्ट खराब असला की सेल्फला करंट पुरत नाही, व्होल्टेज खाली येतं, सेन्सर काहीबाही सांगू लागतात. ते घासल्यावर जातं. पण काकांच्या वहीत तो रोगी कॉम्प्युटरच्या खात्यावर बरा झाला.

दुसरं कारण पिवळी लाइट. इंजिनाच्या आकृतीची ती लाइट लागली की मध्यमवर्गीय माणूस आधी पेट्रोल पंपावर हवा भरून घेतो आणि मग काकांकडे येतो. काका निगेटिव्ह काढतात, लाइट जाते. जाणारच, नोंदलेला बिघाडाचा कोडच पुसला गेला. पण धुराशी संबंधित बरेचसे बिघाड एकदा दिसले की कॉम्प्युटर लगेच बोंब मारत नाही, मनात ठेवतो. पुढच्या फेरीत पुन्हा दिसले तर लाइट लावतो. त्यामुळे काकांचा रोगी पार्किंगमधून ठणठणीत निघतो आणि खंबाटकी घाटात पुन्हा आजारी पडतो. घाटातून फोन आला की काका म्हणतात, "मी लावून दिली तेव्हा होती का लाइट? नव्हती ना? मग हे नवीन काहीतरी आहे."

अशा माणसाशी वाद घालणं अवघड. पूर्ण चुकणारा माणूस परवडतो, त्याच्याकडे लोक जायचे थांबतात. चारातून एकदा बरोबर येणारा माणूस आयुष्यभर टिकतो, आणि काकांचं प्रमाण त्याहून बरं आहे.

काकांना थोडंफार उत्तर दिलं ते सी विंगमधल्या एका मुलीनं. ती गाड्यांच्याच कुठल्याशा कंपनीत चाकणला जाते. तिच्या वडिलांची जुनी हॅचबॅक झटके मारत होती, लाइट लागली होती, आणि काका मोजा हातात घेऊन तयार होते. तिनं स्टीअरिंगखाली, गुडघ्यापाशी असलेल्या सोळा पिनांच्या सॉकेटमध्ये काडेपेटीएवढं एक यंत्र खोचलं आणि मोबाइल काकांपुढे धरला.

"काका, हे बघा. लाँग टर्म ट्रिम, अधिक अठरा."

"अठरा काय?"

"टक्के. कॉम्प्युटरच्या मूळ कोष्टकात जेवढं पेट्रोल लिहिलंय, त्याच्यावर हा अठरा टक्के जास्त सोडतोय. हळूहळू शिकलाय."

"तेच म्हणतोय मी, बाळ. चुकीचं शिकलाय. पुसून टाकू."

"चुकीचं नाही हो शिकला. त्याला असं शिकावं लागलंय."

मग तिनं जे सांगितलं ते मी माझ्या शब्दांत सांगतो. एक किलो पेट्रोल नीट जळायला साधारण १४.७ किलो हवा लागते. कॉम्प्युटर हवेचा अंदाज घेतो आणि इंजेक्टर किती वेळ उघडा ठेवायचा ते कोष्टकातून काढतो. गाडी उभी राहून चालू असते तेव्हा हा वेळ दोन-तीन मिलिसेकंदांचा. धुरात ऑक्सिजन जास्त उरला तर पेट्रोल कमी पडलं असं समजून तो लगेच वेळ वाढवतो. ही तात्पुरती दुरुस्ती. ती पुन्हा पुन्हा एकाच बाजूला करावी लागली, की "इथं नेहमीच एवढं वाढवावं लागतं" असं तो कायमच्या खात्यात लिहून ठेवतो. तिच्या वडिलांच्या गाडीचे इंजेक्टर चोंदले होते. उघडे तेवढेच राहत, पण पेट्रोल कमी सोडत. कॉम्प्युटर बिचारा वेळ वाढवत वाढवत अठरापर्यंत आला होता, आणि त्याच्याही वाढवण्याला मर्यादा असते म्हणून शेवटी त्यानं लाइट लावली.

"उधारीची वही फाडली म्हणून उधारी फिटते का, काका?" ती म्हणाली.

काकांनी निगेटिव्ह काढलं. ते काढणारच होते. वीस मिनिटांनी मोबाइलवर अठराच्या जागी शून्य आलं. काकांनी तो शून्य सगळ्यांना फिरवून दाखवला. काकूंनाही गॅलरीतून खाली बोलावून दाखवला. काकू म्हणाल्या, "चांगलं आहे. म्हणजे काही उरलं नाही." गाडी पार्किंगच्या बाहेर निघाली ती आधीपेक्षा जास्त झटके मारत, कारण आता चोंदलेले इंजेक्टर तसेच होते आणि त्यांना सांभाळून घेणारी शिकवण तेवढी गेली होती. पुढच्या काही दिवसांत मुलगी रोज संध्याकाळी काकांना आकडा कळवत राहिली. अधिक सहा. अधिक अकरा. मग एके दिवशी पुन्हा अठरा. काका म्हणाले, "हुशार आहे कॉम्प्युटर. कुठं होता ते बरोबर आठवलं त्याला."

इथपर्यंत मुलगी जिंकली होती. पण इंजेक्टर साफ करून आणल्यावर तीच काकांच्या दारात आली. "काका, आता काढा." इंजेक्टर आता पुरेसं पेट्रोल सोडत होते आणि कॉम्प्युटर मात्र जुन्या सवयीनं अठरा टक्के जादा ओतत होता, काळा धूर, पेट्रोलचा वास. चालवत राहिलं असतं तर तो आपणहून खाली आला असता, स्कॅनरवरूनही पुसता आलं असतं. पण या गाडीत शिकवण बॅटरीच्या भरवशावर राहते हे आठवड्यापूर्वी सिद्ध झालंच होतं, आणि मला वाटतं, तिला काकांचाही विचार होता. आधी दुरुस्ती, मग विसर, हा क्रम तिनं काकांना समजावला. काकांनी मान डोलावली. ते तेव्हापासून "आधी दुरुस्ती केलीस का?" असं विचारतात. उत्तर ऐकायला अजूनही थांबत नाहीत.

सगळ्या गाड्या विसरतातच असंही नाही. जुन्यांची शिकवण बॅटरीवर जिवंत राहणाऱ्या मेमरीत असायची, ती वीज गेली की गेली. नव्यांपैकी कितीतरी गाड्या किल्ली बंद केली की शिकलेलं कायमच्या मेमरीत उतरवून ठेवतात. तिथं काकांची वीस मिनिटं म्हणजे निव्वळ चहा. मूळ कोष्टक, किल्लीची ओळख, किलोमीटरचा आकडा, यांना तर कुठल्याच गाडीत धक्का लागत नाही. जुन्या गाड्यांचा एक एजंट एकदा काकांकडे हळू आवाजात चौकशी करत आला होता, रात्रभर काढून ठेवलं तर किलोमीटर शून्यावर येतील का म्हणून. काकांनी त्याला चहासुद्धा विचारला नाही. आमच्याकडे यापेक्षा मोठी शिक्षा नाही.

बॅटरी परत जोडल्यानंतरचा भाग काकांच्या मते खरा नाजूक. त्याला ते शिकवणी म्हणतात. इंजिन सुरू करायचं, एसी बंद, दिवे बंद, अ‍ॅक्सिलरेटरला पाय लावायचा नाही, दहा मिनिटं नुसतं धडधडू द्यायचं. मग एसी लावून थोडा वेळ. यातलं बरंचसं शास्त्रशुद्ध आहे: थ्रॉटलवर कार्बन साचलेला असतो, त्यातून वाट काढून किती हवा आत घेतली की इंजिन स्थिर राहतं, हे कॉम्प्युटरला पुन्हा चाचपडून शिकावं लागतं, आणि तोवर गाडी सिग्नलला मान टाकू शकते. पुढे मात्र काका शास्त्र सोडतात. कोऱ्या कॉम्प्युटरवर पहिला पाय कुणाचा पडतो यावर सगळं अवलंबून आहे, असं ते मानतात. पायगुण. ए विंगमध्ये एक निवृत्त शिक्षिका आहेत, चाळीसच्या वर कधी जात नाहीत, गिअर बदलायच्या आधी आरशात बघतात. काका त्यांना बोलावून आणतात. दुसऱ्याच्या गाडीत शिक्षिकाबाई पुढे, काका शेजारी, मालक मागच्या सीटवर अंगठी आणि घड्याळ सांभाळत, अशी ती वरात कात्रजपर्यंत जाऊन येते. इंजिनाच्या पेट्रोलच्या हिशोबाला माणसाच्या स्वभावाशी काही देणंघेणं नाही. त्याला हवा, इंधन आणि झीज एवढंच कळतं. काही ऑटोमॅटिक गिअरबॉक्स मात्र क्लचची झीज आणि चालवण्याची तऱ्हा लक्षात ठेवतात हे कुणीतरी काकांना सांगितलं. सांगायला नको होतं. बाईंना आता रविवारीही सुट्टी नसते.

२०२० चं लॉकडाउन म्हणजे काकांचा सुवर्णकाळ. गाड्या महिनोन्‌महिने उभ्या. गाडी बंद असतानाही घड्याळ, अलार्म आणि कॉम्प्युटर मिळून बॅटरीतून थोडा करंट घेत असतात. पन्नास मिलिअँपिअर धरले तर दिवसाला जवळजवळ सव्वा अँपिअर-तास. पस्तीसची छोटी बॅटरी महिन्याभरात रिकामी. हा हिशोब काकांनी नोटीस बोर्डावर खडूनं मांडला, आणि तो बरोबर होता. मास्क लावून, सहा फुटांवरून मालकांशी बोलत, त्यांनी सगळ्या पार्किंगची निगेटिव्हं काढली. जुने मोजे कमी पडले तेव्हा घराघरांतून एकेक मोजा गोळा केला. त्या वर्षी आमच्या सोसायटीत गाड्या उठल्या आणि शेजारच्या सोसायट्यांत ढकलाव्या लागल्या. सेक्रेटरींनी सभेत आभाराचा ठराव मांडला. काकांनी तो लॅमिनेट करून घेतलाय.

पडझड झाली ती बी विंगमध्ये. एकानं बरीच महागडी गाडी घेतली, सेकंडहँड. काकांनी निगेटिव्ह काढलं, लावलं, आणि गाडीला विस्मरणाचा झटका आला. घड्याळ बाराला. काचा एका बटणात वर जाईनात. डॅशबोर्डवर घसरणाऱ्या गाडीचं चित्र पिवळं. रेडिओनं कोड मागितला. मालकाचा चेहरा बघवेना. काकांनी घाम पुसला, आत बसले, स्टीअरिंग पूर्ण डावीकडे, मग पूर्ण उजवीकडे फिरवलं, गेटपर्यंत एक चक्कर मारली, चित्र गेलं. प्रत्येक काचेचं बटण काच वर टेकल्यावरही काही सेकंद दाबून धरलं. काचा ताळ्यावर आल्या. हे त्यांना ठाऊक होतं की देवाच्या कृपेनं झालं, कोण जाणे. राहिला रेडिओ.

"काका, कोड?"

"रेडिओ ऐकतं कोण आता?" काका म्हणाले आणि अंगठी मागून घेतली.

त्यांचा मुलगा कॅलिफोर्नियात असतो. काका-काकू तिकडे गेले तेव्हा मुलाच्या जुन्या गाडीची स्मॉग टेस्ट आली होती. तिकडे आठ वर्षांवरच्या गाडीला दर दोन वर्षांनी ती द्यावी लागते, आणि २००० नंतरच्या गाडीच्या नळीला यंत्र लावत नाहीत, त्या सोळा पिनांच्या सॉकेटमधून थेट कॉम्प्युटरलाच विचारतात. परीक्षेला जायचं तर स्वच्छ होऊन जावं म्हणून काकांनी आदल्या रात्री निगेटिव्ह काढलं. पाना बरोबर नेला होताच, चेक-इन बॅगेत. सकाळी टेस्टवाल्यानं वायर लावली आणि गाडी परत पाठवली. बिघाड एकही नव्हता. पण गाडी आपल्याच यंत्रणांच्या ज्या चाचण्या घेत असते, त्या सगळ्यांपुढे "अपूर्ण" आलं होतं. वीज तोडली की त्या पहिल्यापासून घ्याव्या लागतात, आणि त्यांच्या अटी मोठ्या: रात्रभर थंड झालेलं इंजिन, टाकी ना भरलेली ना रिकामी, मग फ्रीवेवर एका लयीत बराच वेळ, मग थोडं थांबून. मुलाला सुट्टी काढावी लागली. तो बापाला शेजारी बसवून रोज फ्रीवेवर नेऊ लागला. जाताना समुद्र लागायचा, येताना बोलणी व्हायची. फोनवर "जेवलास का" पलीकडे जी कधी गेली नव्हती, ती. चौथ्या-पाचव्या दिवशी चाचण्या पूर्ण झाल्या, गाडी पास झाली. काकू म्हणतात, यांच्यामुळे पोराची रजा गेली. काका म्हणतात, मुद्दामच काढलं होतं. मला काकांचं खोटं बोलणं इथे पहिल्यांदाच आवडलं.

सध्या त्यांचा रोख वीस टक्के इथेनॉलच्या पेट्रोलवर आहे. इथेनॉलमध्ये मुळातच ऑक्सिजन असतो, म्हणून हवेचं ते १४.७ चं प्रमाण साडेतेराच्या आसपास उतरतं, आणि जुन्या गाडीचा कॉम्प्युटर पेट्रोल जरा वाढवून ते सांभाळून घ्यायला शिकतो. काकांच्या मते पंपावरून आल्यावर दर वेळी निगेटिव्ह काढावं. सी विंगमधली मुलगी त्यांना सांगून थकली की शिकलेलं पुसलंत तर तो परत उपाशी सुरुवात करेल. काका म्हणतात, उपास चांगला असतो.

गेल्या महिन्यात डी विंगमध्ये इलेक्ट्रिक गाडी आली. मालक तरुण, काकांना टाळण्यासाठीच त्यानं ती घेतली असं बोललं जातं. परवा सकाळी ती उघडेना. रिमोट दाबला तर आवाज नाही, दिवा नाही. काका जिन्यातून उतरले.

"काका, प्लीज. ही इलेक्ट्रिक आहे. हिला इंजिनच नाही."

"बॉनेट उघड."

रिमोटच्या पोटातली साधी किल्ली काढून त्यानं दार उघडलं आणि आतून बॉनेटचा खटका ओढला. आत जाड नारिंगी केबल होत्या. काका दोन पावलं मागे सरले. "ती एचटी लाइन. तिला हात नाही लावायचा. आपलं खातं एलटी." आणि मग चष्मा वर करून ते कोपऱ्यात वाकले. तिथे एक छोटी, काळी, बारा व्होल्टची बॅटरी बसली होती. मोठी बॅटरी चाकं फिरवते, पण दारं, दिवे आणि कॉम्प्युटर जागे करायला हीच लागते. ही बसली की वीस लाखांची गाडी जागची हलत नाही. तिच्यावर दोन टर्मिनल होती. काका बराच वेळ काही बोलले नाहीत. मग त्यांनी अंगठी काढली, घड्याळ काढलं, आणि दोन्ही त्या मुलाच्या हातात दिलं.

"किती वेळ लागेल, काका?" त्यानं हताशपणे विचारलं. "वीस मिनिटं?"

"वीसात नाही व्हायचं," काका म्हणाले. "ही फार शिकलेली दिसतेय. तू असं कर, आईला नाश्त्याचंच बघायला सांग."